लक्ष्मणराव किर्लोस्कर: तारांच्या चाकापासून लोखंडी नांगरापर्यंत (आणि जुन्या गाडीचं तारांचं चाक कसं काढतात)

पुण्यात राहत असाल तर किर्लोस्कर हे नाव तुम्ही रोज कुठेतरी वाचता. सोसायटीच्या जनरेटरवर, गावाकडच्या विहिरीवरच्या पंपावर, खडकीच्या कारखान्याच्या पाटीवर. पंप आणि इंजिनवाले म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण या उद्योगाची सुरुवात पंपाने झाली नाही, इंजिनानेही नाही. ती सायकलने झाली, १८८८ साली, बेळगावात. म्हणजे नीट पाहिलं तर एका अशा चाकाने झाली, ज्यात लाकडी आऱ्यांऐवजी बारीक पोलादी तारा होत्या. तेच चाक पुढे मोटारीला लागलं आणि आजही पुण्यातल्या व्हिंटेज रॅलीत लोक ज्याच्यासमोर सेल्फी काढतात, ते क्रोम चढवलेलं झगझगीत चाक त्याच्याच घराण्यातलं आहे.

या लेखात दोन्ही गोष्टी आहेत: लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचं आयुष्य, आणि ते चाक काम कसं करतं, निघतं कसं, बिघडतं कसं. दोन्ही एकत्र का, ते वाचताना कळेलच.

आधी एक गोंधळ दूर करूया. सर्चमध्ये किर्लोस्कर टाकलं की 'संगीत सौभद्र' लिहिणारे अण्णासाहेब किर्लोस्करही येतात. ते वेगळे. मजा म्हणजे दोघांचंही गाव एकच, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर.

रंग न दिसणारा चित्रकार

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ चा. वडील काशिनाथपंत वेदांताचे अभ्यासक. घरात पोथ्या, आणि मुलाचं लक्ष मात्र दोनच गोष्टींत: चित्रं काढणं आणि यंत्रं उघडून बघणं. त्या काळच्या घरात यातलं काहीच पोट भरण्याचं साधन मानलं जात नव्हतं. तरी १८८५ साली ते मुंबईला गेले आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी तिथे कळलं की त्यांना काही रंगांतला फरक ओळखू येत नाही. अंशतः रंगांधत्व. आज तुमच्या फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत गेलात तर 'कलर करेक्शन' नावाचा पर्याय मिळेल, तो अशाच डोळ्यांसाठी असतो. तेव्हा चित्रकाराला रंग दिसत नाहीत म्हटल्यावर विषय संपला. वय अठरा, घरापासून लांब, आणि ज्यासाठी आलो तेच बंद.

त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांची चित्रं, म्हणजे मेकॅनिकल ड्रॉइंग, ते शिकले. इंजिनीअरिंगला पहिल्या वर्षी आपल्या सगळ्यांना ड्रॉइंग शीट घेऊन रडवणारा हा विषय. यात रंग लागतच नाही. काळी रेषा, तुटक रेषा आणि मापं, एवढ्यावर सगळं चालतं. लवकरच ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, हाच विषय शिकवायला लागले. ती संस्था स्वतःच नवी होती, १८८७ ची. शिकवता शिकवता यंत्रशाळेतली यंत्रं हाताळायला मिळाली. माझ्या मते त्यांचं खरं कॉलेज तेच. त्यांच्याकडे इंजिनीअरिंगची पदवी कधीच नव्हती.

पंधरा रुपयांत सायकल शिका

मुंबईत त्यांना सायकल दिसली. आज सायकल म्हणजे सगळ्यात साधं वाहन; तेव्हा ती त्या काळची हाय-टेक वस्तू होती. पुढे मोठं आणि मागे छोटं चाक असलेली उंच सायकल नुकतीच मागे पडत होती. १८८५ साली इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरात जॉन केम्प स्टार्लीने 'रोव्हर' आणली, ज्यात दोन्ही चाकं जवळपास सारखी आणि मागच्या चाकाला साखळी. आपण आज चालवतो तो आराखडा हाच. आणि १८८८ साली, म्हणजे बेळगावचं दुकान सुरू झालं त्याच वर्षी, डनलॉपने हवा भरलेल्या टायरचं पेटंट घेतलं. म्हणजे लक्ष्मणराव या धंद्यात उतरले तेव्हा ही टेक्नॉलॉजी अक्षरशः दर महिन्याला बदलत होती.

व्यवस्था अशी: लक्ष्मणराव मुंबईत नोकरी करता करता सायकली घ्यायचे आणि बेळगावला पाठवायचे. तिथे थोरले बंधू रामचंद्रराव, म्हणजे रामूअण्णा, त्या विकायचे. दुकानाचं नाव किर्लोस्कर ब्रदर्स, अगदी शब्दशः दोन भाऊ. सायकलची किंमत सातशे ते हजार रुपयांच्या घरात असल्याचं सांगितलं जातं. सामान्य नोकरदाराच्या आवाक्यात ही रक्कम नव्हतीच. गिऱ्हाईक म्हणजे अधिकारी, वकील, डॉक्टर, संस्थानिक. पण त्यांनाही सायकल चालवता कुठे येत होती? मग रामूअण्णा पंधरा रुपये घेऊन शिकवायचे. आजच्या भाषेत वस्तूबरोबर ऑनबोर्डिंगसुद्धा विकत होते, तेही वेगळे पैसे लावून.

विकलं की दुरुस्ती आलीच. बेळगावात दुसरं सर्व्हिस सेंटर नव्हतं आणि सुटे भाग बोटीने यायचे. अशा जागी दुकानदाराला वस्तू आतून माहीत नसेल तर धंदा एका पावसाळ्यात बुडतो. आणि सायकलमध्ये सगळ्यात जास्त कौशल्य मागणारा भाग म्हणजे चाक.

तार ढकलू शकत नाही

बैलगाडीचं चाक डोळ्यांसमोर आणा. मध्ये तुंबा, त्यातून निघालेले जाड लाकडी आरे, बाहेर लाकडी घेर आणि त्यावर लोखंडी धाव. गाडीचं वजन तुंब्यावर येतं, तुंबा खालच्या आऱ्यावर बसतो आणि आरा जमिनीला ढकलतो. खांबासारखं सरळ काम.

आता सायकलची एक तार काढून हातात घ्या. जाडी साधारण दोन मिलिमीटर. तिच्यावर उभं वजन ठेवलं तर ती लगेच वाकेल. मग सत्तर किलोचा माणूस त्यावर बसतो कसा?

उत्तर असं की तारांना आधीच भरपूर ताणून ठेवलेलं असतं. प्रत्येक तार रीमला आत ओढते, हबला बाहेर ओढते, आणि सगळ्या बाजूंनी ओढ सारखी असल्यामुळे हब मध्यभागी लटकून राहतो. तुम्ही बसलात की जमिनीजवळच्या दोन-चार तारांचा ताण थोडा कमी होतो, एवढंच. ताण कमी होणं म्हणजे गणिताच्या दृष्टीने ढकलण्यासारखंच, पण तार प्रत्यक्षात कधीच दाबली जात नाही. जोपर्यंत तो ताण शून्यावर येत नाही तोपर्यंत चाक मजबूत. तारा ढिल्या असतील तर मात्र वजन आल्यावर खालच्या तारा पूर्ण सैल पडतात, रीम वाकते आणि चाकाचा पापड होतो. म्हणून चाकात एखादी तार तुटली की लगेच बदलायची असते. एकटी तुटलेली तार चालून जाते, पण तिचा भार शेजारणींवर जातो आणि मग त्याही एकेक करून जातात.

ताणलेल्या तारांच्या चाकाची कल्पना १८०८ साली जॉर्ज केली या इंग्रजाला सुचली, आणि तीसुद्धा उडणाऱ्या यंत्रासाठी हलकं चाक हवं म्हणून. सायकलमध्ये तिची खरी प्रगती केली जेम्स स्टार्लीने, वर आलेल्या जॉन केम्पचा हा काका. त्याने १८७४ साली तारा हबमधून सरळ बाहेर न काढता तिरप्या, एकमेकींना छेदून बसवल्या. का? पॅडल मारल्यावर साखळी हबला फिरवते आणि हबने रीमला फिरवायचं असतं. तारा सरळ असतील तर हब आतल्या आत पिळला जातो. तिरप्या असतील तर निम्म्या तारा रीमला पुढे खेचतात. तुमच्या मागच्या चाकात तारांची जाळी दिसते ती यासाठी.

आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असतात. मागे वजन जास्त आणि ओढही तिथेच, म्हणून आठ तारा जास्त. एकेकाळी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या पुण्यात पेठेपेठेत या तारांचा ताण कानाने ओळखणारे कारागीर होते, अजूनही थोडे आहेत. चाक फिरवायचं, ब्रेकच्या रबराजवळ रीम कुठे घासते ते बघायचं, आणि चाक आऊट असेल तर ज्या बाजूला रीम गेली आहे त्याच्या उलट बाजूच्या तारेचा निपल पाव फेरा आवळायचा. परत फिरवायचं. परत पाव फेरा. ॲपमध्ये बग शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी म्हणतात ना, तसंच. घाईने दोन फेरे आवळणारा माणूस आऊट काढत नाही, नवीन आऊट तयार करतो.

हेच चाक मोटारीला

१८८६ साली कार्ल बेंझने जी पहिली मोटार बनवली, तिला तीन चाकं होती आणि तिन्ही तारांची. तेव्हा हलकं आणि मजबूत चाक बनवायचं कसं हे सायकलवाल्यांनाच ठाऊक होतं. पुढे मोटारी जड झाल्या, काही काळ लाकडी आरे परत आले, आणि मग १९०८ च्या सुमारास रज-व्हिटवर्थ या कंपनीने झटपट काढता येणारं तारांचं चाक आणलं. ही कंपनीसुद्धा मूळची सायकल बनवणारीच, कॉव्हेंट्रीची.

त्याआधी पंक्चर झालं की रस्त्याच्या कडेला बसून चाक गाडीवर असतानाच टायर सोलायचा, ट्यूबला ठिगळ लावायचं, हवा भरायची. रज-व्हिटवर्थने अख्खं चाक एका नटावर आणलं. हबवर लांब दाते, चाकाच्या आतल्या बाजूला तसेच दाते, दोन्ही एकमेकांत सरकतात. फिरवण्याची आणि ब्रेकची सगळी ताकद या दात्यांतून जाते. बाहेरून एकच मोठा नट, त्याला दोन किंवा तीन पंख. पंखावर हातोडा मारला की नट सुटतो. स्पेअर चाक लावून पाच मिनिटांत पुढे.

आता पुण्यात कुणाकडे आजोबांच्या काळातली एमजी किंवा तशी गाडी असेल आणि तुमच्यावर चाक काढायची वेळ आली, तर काही गोष्टी माहीत हव्यातच. यात चूक झाली तर चालत्या गाडीचं चाक निघून जातं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

पहिली गोष्ट, नटाची दिशा. गाडीच्या डाव्या बाजूच्या नटाचे आटे नेहमीसारखे असतात आणि उजव्या बाजूचे उलटे. बहुतेक ब्रिटिश गाड्यांत लक्षात ठेवायचा नियम सोपा आहे: वरचा पंख गाडीच्या पुढच्या दिशेने मारला की नट सुटतो, मागच्या दिशेने मारला की आवळतो. दोन्ही बाजूंना हाच नियम लागू. काही गाड्यांत रचना वेगळी असते, पण नटावर सोडण्याची दिशा बाणाने कोरलेली असते, ती आधी वाचा. ही उलटसुलट रचना उगाच नाही. गाडी चालताना नट चाकाच्या उतरत्या कडेवर केसभर घसरत राहतो, आणि तो मागे, म्हणजे आवळण्याच्या दिशेने घसरावा म्हणून आटे असे ठेवलेत. कुणी दुरुस्ती करताना डावा हब उजवीकडे बसवला तर हाच नट चालता चालता स्वतःला सोडवून घेतो. जुनी गाडी विकत घेताना ही एक गोष्ट स्वतः तपासा, विकणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नका.

दुसरी गोष्ट, हातोडा. लोखंडी हातोड्याने पंख चेमटतात, क्रोम उडतं. तांब्याचा, शिशाचा किंवा कच्च्या चामड्याचा हातोडा लागतो. नाना पेठेत स्पेअर पार्ट्सच्या दुकानांत विचारलं तर तांब्याचा हातोडा मिळून जाईल. नाहीच मिळाला तर मध्ये जाड लाकडाचा तुकडा धरा. पहिला दणका चाक जमिनीवर आणि हँडब्रेक लावलेला असताना द्यायचा, म्हणजे चाक फिरत नाही. नट ढिला झाला की मग जॅक, जॅकशिवाय खाली आधाराला स्टँड, आणि मग नट पूर्ण काढायचा.

वर्षानुवर्षं न काढलेलं चाक नट काढल्यावरही हलत नाही. दात्यांत गंज भरलेला असतो. इथे लोक चाकाला आडवेतिडवे हातोडे घालतात आणि तारा वाकवून ठेवतात. त्यापेक्षा गंज सोडवणारं तेल घालून एक रात्र थांबा. सकाळी दोन्ही हातांनी, बाजूंना हलवत, सरळ बाहेर ओढा.

चाक निघालं की दाते नीट बघा. नवे दाते माथ्याला सपाट असतात, झिजलेले करवतीसारखे टोकदार दिसतात. चाक न काढताही याची चाचणी होते: एकाने ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने जॅकवरचं चाक पुढे-मागे हलवायचं. टक असा आवाज आला तर दाते गेलेत. टोकदार दात्यांवर नवं चाक बसवलं तर नवं चाकही लवकर झिजतं, म्हणून हब आणि चाक दोन्ही बदलावं लागतं. खर्चिक आहे, पण यात कंजुषी करू नका. ब्रेकची ताकदसुद्धा याच दात्यांतून जाते हे विसरू नका.

बसवताना दाते आणि आटे पुसून स्वच्छ करा, ग्रीसचा पातळ थर द्या, नट आवळा. थोडं अंतर चालवून परत एकदा हातोडा मारून बघा. तारांना महिन्या-दोन महिन्यांनी पेन्सिलीने टिचकी मारत जा. ताणलेली तार खणकते, सैल तार बद्द वाजते. पुण्याच्या पावसाळ्यानंतर निपलजवळ गंज बघा, कारण पाणी तिथेच साचतं. आणि हो, या चाकात ट्यूब लागतेच. रीमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, तिथून हवा जाते. ट्यूब आणि निपल यांच्यामध्ये रबरी पट्टीही हवी, नाहीतर निपलच ट्यूबला टोचतो.

मोटारीच्या चाकात तारा सायकलपेक्षा जास्त असतात: एमजीबीच्या चाकात ६०, जॅग्वार ई-टाइपमध्ये ७२. वळणावर गाडी चाकाला बाजूने ढकलते, तो भार सायकलला फारसा नसतो कारण ती स्वतः झुकते. मोटार झुकत नाही, म्हणून तारांच्या जास्त ओळी. एवढ्या तारा हाताने ताणायच्या म्हणजे मजुरी आली. दाबून बनवलेलं पत्र्याचं चाक स्वस्त पडलं आणि तारा गेल्या. बुलेटसारख्या मोटारसायकलींत मात्र त्या अजून आहेत, तुमच्या पार्किंगमध्येच सापडतील.

नोकरी सोडली

आता परत लक्ष्मणरावांकडे येऊ. व्हीजेटीआयमध्ये बढतीची त्यांची पाळी आली तेव्हा ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. तेव्हाच्या सरकारी जगात हे अगदी रोजचं होतं आणि बहुतेक लोक गप्प बसून पुढच्या पगाराची वाट बघायचे. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि १८९७ च्या सुमारास बेळगाव गाठलं. पगार गेला, हातात एक सायकलचं दुकान.

सायकल विकून ते तिथेच थांबले असते तर एका गावापुरते सुखवस्तू दुकानदार झाले असते. पण दुसऱ्याची वस्तू विकण्यात त्यांचं मन रमत नव्हतं. आजूबाजूला शेती होती, शेतकऱ्याची अवजारं शेकडो वर्षं तीच होती. आधी कडबाकुट्टी बनवली, गुरांचा कडबा बारीक करणारं यंत्र. मग लोखंडी नांगर.

नांगर बनला, पण विकला जाईना. लाकडी नांगर वरवरची माती उकरायचा, हा खोल जायचा. शेतकऱ्यांत समज असा की लोखंडाने जमिनीत विष कालवतं. पहिले नांगर जवळपास दोन वर्षं पडून राहिले. ही दोन वर्षं मला त्यांच्या चरित्रात सगळ्यात महत्त्वाची वाटतात. आपण ॲप टाकतो, आठवड्यात डाउनलोड नाही आले तर प्रोजेक्ट बंद करतो. इथे लोखंड विकत घेतलेलं, कामगारांचे पगार चालू, आणि गिऱ्हाईक म्हणतंय की तुमच्या वस्तूने माझी आई, म्हणजे जमीन, मरेल. त्यांनी नांगर शेतावर नेऊन चालवून दाखवले. फाळ लवकर झिजतो, मोडतो अशी तक्रार आली तेव्हा परदेशी नांगरांच्या धातूचा अभ्यास करून फाळ सुधारला. फाळ झिजणं ही खरी अडचण होती, विष ही कल्पना होती. त्यांनी दोन्हींना उत्तर दिलं आणि पहिल्याला आधी दिलं, यातच त्यांची समज दिसते.

धंदा उभा राहतोय तोवर बेळगावच्या नगरपालिकेने जागा सोडायला सांगितलं, तिथे नवी वस्ती व्हायची होती. कारखाना उचलून न्यायचा कुठे? तेव्हा औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. (पुण्यातलं औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातलं. ट्रॅफिकवालं औंध वेगळं.) त्यांनी आधी आपल्या संस्थानात बांधकामाचं काम दिलं, मग बिनव्याजी दहा हजार रुपये आणि कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन.

निवडुंग आणि साप

जमीन फुकट मिळण्याचं कारण तिच्याकडे बघून कळायचं. निवडुंगाचं रान, नाग-साप, पाणी नाही. १९१० साली लक्ष्मणराव, पत्नी राधाबाई आणि जेमतेम पंचवीस कामगारांची कुटुंबं तिथे राहायला गेली. हीच किर्लोस्करवाडी, आता सांगली जिल्ह्यात. त्या कुंडल रोड स्टेशनचं नावही पुढे किर्लोस्करवाडी झालं.

माणसं त्यांनी अजब गोळा केली. शंभूअण्णा जांभेकर यंत्रं चालवण्यात तरबेज होते. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळायचे. अनंतराव फळणीकर नांगरांच्या रचनेत डोकं घालायचे. आणि रखवालीला शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली. आजच्या बॅकग्राउंड चेकच्या जमान्यात एचआरला घाम फुटेल. वसाहतीत अस्पृश्यता पाळायची नाही हा नियम होता, १९१० च्या दशकात. वेदांती पंडिताच्या मुलाने हे करणं सोपं नव्हतं.

पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड आणि कोळसा यायचा थांबला. ओतशाळा बंद पडायची वेळ आली तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. पुढे पंप आले, लोखंडी फर्निचर आलं. १९२० साली कारखान्याच्या जाहिरातीसाठी 'किर्लोस्कर खबर' हे पत्रक निघालं, ते पुतणे शंकरराव बघायचे. त्याचंच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं. नांगराच्या कंपनीने मराठीतलं एक गाजलेलं मासिक चालवलं, हे कंटेंट मार्केटिंग शिकवणाऱ्या किती लोकांना माहीत असेल कोण जाणे.

मुलगा शंतनुराव १९२२ साली अमेरिकेत एमआयटीला शिकायला गेला आणि १९२६ ला परतला. घरातली पहिली इंजिनीअरिंगची पदवी त्याची. १९४६ साली पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना झाली, त्यामागे शंतनुरावच होते. तोवर लक्ष्मणराव रोजच्या कामातून बाजूला झाले होते. १९४८ साली गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलीत किर्लोस्करवाडीला आग लावली गेली. जवळपास चाळीस वर्षं जमवलेलं डोळ्यांदेखत जळालं, आणि कारखाना पुन्हा उभा करावा लागला.

लक्ष्मणराव २६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात वारले. वय सत्त्याऐंशी. १९६९ मध्ये, जन्मशताब्दीला, टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढलं.

सायकली जवळून बघायच्या असतील तर पुण्यात कर्वेनगरला जुन्या सायकलींचं एक छान खासगी संग्रहालय आहे. तिथे गेलात तर चाकांजवळ खाली बसा आणि तारा हबमधून कोणत्या कोनात निघतात ते बघा. सरळ आणि तिरप्या दोन्ही जाती सापडल्या तर फोटो काढून ठेवा. आणि बेळगावला गेलात तर रामूअण्णा ज्या रस्त्यावर लोकांना सायकल विकायचे, तो अजून गजबजलेला आहे. त्याला आता किर्लोस्कर रोड म्हणतात.